तुरीचं पीठ आणि लाल कागद

९ फेब्रुवारी २००४

सावित्री,

आशीर्वाद लिहायला हात जात होता. पण तीन वर्षं तू ज्याच्या दाराकडे फिरकली नाहीस, त्याचा आशीर्वाद पाकिटातून घेशील असं वाटेना. म्हणून नुसतं नाव लिहिलं. हे पत्र भावाचं समजू नकोस. घाटनांदूरला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना आमच्या गावच्या दूध संस्थेचा चेअरमन लिहितो आहे, असं समज. भारतरावांना वाचायला दिलंस तरी हरकत नाही. तसंही ते वाचतीलच.

त्यांच्याबद्दल निवडणुकीच्या सभेत जे बोललो, त्यातला एकही शब्द मी मागे घेतलेला नाही. आपल्या पॅनलची नावं जाहीर होण्याआधी विरोधी गटातल्या बबनरावाकडे पोचली होती, आणि ती यादी हाती असलेला माणूस एकच होता, त्या वेळचा सचिव, तुझा नवरा. एवढं मला पुरेसं होतं. तुला पुरलं नाही, तुम्ही गाव सोडलंत. विषय संपला.

काम वेगळं आहे. यंदा गावाची काय दशा आहे, तुला बसमधूनही दिसत असेल. विहिरी आटल्या, टँकर आला तर आला, निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यांवर गेलं. आटली नाही ती एकच गोष्ट : सकाळ-संध्याकाळ संस्थेच्या दारात लागणारी बायांची रांग. ती रांग मी पंधरा वर्षं राखली आहे. सहकार म्हणजे काय हे पुस्तकातून शिकलेल्या माणसांनी त्या रांगेत येऊन उभं राहावं, असं मी सभांतून सांगतो आणि खोटं सांगत नाही.

आता दूध संघाचं परिपत्रक आलं आहे. कुठे कुठे दुधात युरिया सापडला. पाणी घालून पातळ केलेलं दूध यंत्राला घट्ट भासावं म्हणून लोक शेतातलं खत दुधात घालतात. प्रत्येक संस्थेने आपल्या सभासदांचं दूध तपासायचं. ज्या संस्थेचा कॅन बाद होईल, ती संस्था बंद. तपासणी साधी आहे. नळीत दूध घ्यायचं, त्यात चिमूटभर तुरीच्या डाळीचं पीठ, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि लाल लिटमस कागदाचं टोक बुडवायचं. कागद लाल राहिला तर माणूस सच्चा. निळा झाला तर युरिया.

आमचा सध्याचा सचिव गहिनीनाथ याने सगळ्या रांगेचं दूध तपासलं. सगळे कागद लाल. एक निळा. छबुबाईचा.

छबुबाई तुला आठवत असेल, खालच्या आळीतली. नवरा गेला, मुलगा-सून ऊसतोडीला. तिनेही उभा जन्म ऊस तोडला. पुन्हा कोयता हातात धरायचा नाही म्हणून तिने एक म्हैस धरली आहे, आणि म्हशीमागे एक वगार. संस्थेने तिचं दूध कायमचं नाकारलं तर दोन्ही जनावरं वडवणीच्या बाजारात जातील आणि ती पुढच्या हंगामात मुलाच्या टोळीत. हे मला कळतं. पण एका बाईसाठी अख्खी रांग मोडू द्यायची का? मी तिला सगळ्यांसमोर जाब विचारला. ती काहीतरी बोलली, ते लिहिण्यासारखं नाही. तिचं दूध बंद केलं आहे आणि नाव कमी करण्यासाठी खास सभा बोलावली आहे.

माझा संशय मात्र तिच्यावर थांबत नाही. तिचा भाचा बबनरावाचा टेम्पो चालवतो. बबनराव स्टँडवर खासगी दूध गोळा करतो. आपली संस्था बंद पडली की सगळ्या किटल्या त्याच्याकडे जाणार. एवढी अक्कल छबुबाईची एकटीची नाही.

मला फक्त एवढं हवं आहे : ही तपासणी पक्की आहे, असं तुझ्या सहीने लिहून दे. सभेत कोणी उठून शंका काढू नये.

राधाकिशन


२० फेब्रुवारी २००४

सावित्री,

तुझं पत्र मिळालं. पाकीट दोनदा डिंक लावून चिकटवलेलं दिसलं. पोस्टात उघडलं की घाटनांदूरलाच, ते तू जाण.

मी सही मागितली आणि तू प्रश्न पाठवलेस. कशाशी ताडून पाहिलं? नुसत्या पाण्यात तुरीचं पीठ टाकून कागद बुडवला होता का? मुद्दाम युरिया घातलेल्या दुधाचा कागद किती निळा होतो, ते पाहिलं का? दूध काढताना कोण हजर होतं? म्हैस काय खाते?

यातला ‘कोण हजर होतं’ हा प्रश्न तुझा नाही. तो भारतरावांचा आहे. स्वतःवर आळ आल्यापासून त्यांना साक्षीदार मागायची सवय लागली आहे.

तरीही मी केलं, कारण प्रश्नाला घाबरणारा माणूस मी नाही. गहिनीनाथाला समोर बसवलं. तो भारतरावांचा जुना मित्र, म्हणून नळ्या मी स्वतः धुतल्या आणि पीठ आपल्या घरून नेलं. पाणी आणि पीठ : कागद लाल. आपल्या म्हशीचं दूध : लाल. त्याच दुधात खत विरघळवून : गडद निळा, शाईत बुडवल्यासारखा. छबुबाईचं दूध : निळाच, पण फिकट. आभाळाचा असतो तसा.

मी म्हणालो, बघ, हिने थोडा घातला, चलाख आहे. गहिनीनाथ म्हणाला, थोडा घालून उपयोग काय? पाणी लपवायचं तर मूठभर लागतो, आणि हिच्या दुधाला फॅटही चांगली लागते, पाणीच नाही तर लपवायचं काय? मी त्याला गप्प केलं. पण वाक्य डोक्यात राहिलं.

मग मी तिच्या गोठ्यात गेलो. दिवस उगवताना, न सांगता, आपली धुतलेली चरवी घेऊन, विमलला, तुझ्या वहिनीला, सोबत घेऊन. छबुबाई शेण भरत होती. मला बघून तिने हात धुतले नाहीत, पदरही सावरला नाही.

“या चेरमन. म्हशीला जबानी द्यायला लावता का आज?”

मी म्हणालो, माझ्या भांड्यात काढ. तिने हात धुवायला घेतले तर मी म्हणालो, पाणी मी ओततो. तिने दोन्ही हात पुढे केले, उलटे, सुलटे, नखांसकट दाखवले आणि मग बसली. दूध निघालं. नळी, पीठ, कागद मी खिशातून आणले होते. कागद फिकट निळा.

मी तिला उठवलं आणि विमलला बसवलं. परकी बाई कासेला बसल्यावर म्हशीने पान्हा चोरला आणि लाथ मारली ती चरवीसकट. तुझ्या वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की, त्यानंतर मी दोन दिवस घरात कमी बोललो. तरी थेंब-थेंब निघालं तेवढं तपासलं. फिकट निळा.

सावित्री, भांडं माझं, पाणी माझं, हात माझ्या बायकोचे. आता संशय कोणावर घ्यायचा? आयुष्यात पहिल्यांदा संशय घ्यायला माणूस उरला नाही.

तुझा शेवटचा प्रश्न मी टाळला होता. टाळणार होतो. पण छबुबाईने तोच काढला. मी निघालो तेव्हा ती मागून म्हणाली, “त्या दिवशी रांगेत बी मी हेच म्हणले, तवा तुमी ऐकलं न्हाई. वैरणीला युरिया लावा म्हणून तुमीच सांगितलं ना? मग म्हशीच्या पोटात काय जाईल?”

तर पूर्वी लिहिण्यासारखं नव्हतं ते हे. दिवाळीनंतर वैरण संपत आली तेव्हा मी बायांची सभा घेतली होती. कृषी विद्यापीठाचं पुस्तक वाचलं होतं. कोरड्या भुसकटावर युरियाचं पाणी शिंपडायचं, थरावर थर दाबून खड्ड्यात झाकायचं, तीन आठवड्यांनी उघडून वारा देऊन जनावरांना घालायचं. निकस भुसकट मऊ होतं, पौष्टिक होतं. मी दोन तास बोललो. टाळ्या थांबेनात. गावात घरोघर खड्डे झाले. ते खोटं नाही, शास्त्र आहे, आणि सगळ्या गावाने केलं आहे. मग तिच्याच दुधात का उतरतो? आपल्या म्हशीच्या दुधात का नाही? तिचा हा बचाव मला पढवलेला वाटतो.

याचं उत्तर दे. आणि तूच दे.

राधाकिशन


४ मार्च २००४

सावित्री,

पत्र पोचलं त्याच दिवशी बबनराव स्टँडवर म्हणाला, “कावून चेरमन, बहिणीकडं शिकवणी लावली म्हने?” हे त्याला कोणी सांगितलं? पोस्टमनने, भाच्याने, की तुमच्याकडून कोणी? मी विचारत नाही. नोंद करून ठेवतो.

तुझं पत्र मात्र मी तीनदा वाचलं. अन्नातलं प्रथिन मोडलं की शरीरात अमोनिया तयार होतो, तो विषारी, म्हणून यकृत त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. तुझ्यात, माझ्यात, बबनरावात सुद्धा. रक्तात फिरणारा युरिया थोडासा दुधात उतरतोच. म्हणजे निर्मळ दूध म्हणजे युरिया नसलेलं दूध नव्हे. थोडा असलेलं. हे मला ठाऊक नव्हतं. युरिया म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर खताचं पोतं येतं. एका जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेतल्या निर्जीव क्षारापासून युरिया तयार केला आणि सजीवांचं रसायन वेगळं दैवी नसतं हे जगाला दिसलं, असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि अंधश्रद्धेवरच्या भाषणात वापरलंही होतं. पण तो माझ्या गोठ्यात असेल असं मनात आलं नाही.

तुझं एक वाक्य मी कागदावर उतरवून घेतलं. तुरीच्या पिठातलं विकर युरिया मोडतं, त्यातून अमोनिया सुटतो, अमोनियाने कागद निळा होतो, आणि, तू लिहितेस, “कागदाला युरिया कळतो, तो कोणत्या वाटेने आला ते कळत नाही. वाट माणसाने शोधायची.”

आणि म्हशीच्या पोटातले जंतू. रवंथ करणाऱ्या जनावराच्या मोठ्या पोटात ते कोट्यवधी असतात आणि वैरणीवरच्या युरियापासून प्रथिन करतात, म्हणून तर ही युक्ती चालते. पण त्यासाठी त्यांना गोडव्याची ताकद लागते. मळी, हिरवं, थोडं धान्य. ते नसलं की अमोनिया उरतो, रक्तात जातो, यकृत पुन्हा त्याचा युरिया करतं आणि तो दुधात वाढतो. हे वाचून मी उठून अंगणात फेऱ्या मारल्या. आपली माणसं जन्मभर दुसऱ्यांची साखर काढतात आणि त्यांच्या म्हशीच्या पोटातल्या जंतूला गोड कण मिळत नाही. यावर मी सभा जिंकू शकतो.

पण मग वाचलं : “दादा, हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेला नाही. तो खोटा पडेल असा प्रयोग कर.” स्वतःचाच अंदाज खोटा पाडायला निघायचं! आमच्या राजकारणात हे कोणी शिकवलं नाही. आम्ही दुसऱ्याचा पाडतो. म्हशींची वैरण बदलायची. आपल्या म्हशीला तिची, तिच्या म्हशीला आपली. बाकी काही बदलायचं नाही. निळा रंग वैरणीमागे गेला तर वैरण दोषी. बाईमागे राहिला तर बाई.

मी विमलला म्हणालो, आपल्या खड्ड्यातली वैरण काढ, छबुबाईकडे पोचवायची आहे. ती जागची हलली नाही. दुसऱ्यांदा म्हणालो तर म्हणाली, कडबा नेऊ का? मी म्हणालो, कडबा नव्हे, खड्ड्यातली. मग मीच जाऊन खड्डा उघडला. वरचं प्लास्टिक तसंच. माती तशीच. आत सगळं काळं पडलेलं, बुरशी.

“म्हशीनं तोंड बी लावलं न्हाई,” विमल म्हणाली. “डोळ्यांत पाणी येतं त्या वासानं. पहिल्या दिवशीच झाकून टाकलं. कडबा माझ्या माहेरून येतोय, ती उसाच्या वाढ्याची मोळी ट्रॅक्टरवाला टाकतोय, तुमी काय बघता का गोठ्यात?”

मी विचारलं, गावात बाकीच्या बायांचं काय. ती हसली.

“तुमच्या भाषणाला समद्या बायांनी टाळ्या वाजवल्या. म्हशींनी न्हाई वाजवल्या.”

पत्राच्या शेवटी तू मला जे विचारलं आहेस, “भारतरावांवर आळ घेतलास तेव्हा तू कशाशी ताडून पाहिलं होतंस?”, त्याचं उत्तर या पत्रात नाही.

राधाकिशन


१६ मार्च २००४

सावित्री,

प्रयोग चालू आहे. कोणावर विसंबून नाही. आपल्या गव्हाणीत छबुबाईची खड्ड्यातली वैरण, तिच्या गव्हाणीत आपला कडबा आणि वाढे. पाट्या मी स्वतः पोचवतो. गाव बघतं. बबनरावाने पारावर सांगितलं म्हणे, चेअरमन आता छबुबाईचा गडी झाला.

आपल्या म्हशीने पहिल्या दिवशी फुंकर मारून वैरण उडवून लावली. छबुबाई आली, कमरेवर हात ठेवून तिने माझा कारभार पाहिला आणि म्हणाली, असं ओतत नसतेत. मूठभर आधी, कडब्यात लपवून. मग दोन मुठी. जनावर सवयीनं खातं. तिने स्वतःच्या म्हशीला असंच पंधरवडाभर शिकवलं होतं. एकटीने. मला मानायला जड जातं, पण माझं दोन तासांचं भाषण या गावात शब्दशः पाळणारा एकच सभासद निघाला, आणि मी त्याच सभासदाचं नाव कमी करायला सभा बोलावली आहे.

शब्दशः म्हणालो, पण एक गोष्ट तिने बदलली होती, आणि ती मी विचारली म्हणून तिने सांगितली. पुस्तकात युरिया किती आणि पाणी किती, दोन्ही सांगितलं आहे. तिने युरिया पुस्तकाप्रमाणे घेतला. पाणी निम्मं. “टँकरच्या हंड्यात मी प्यावं का भुसकटानं?” ती म्हणाली. अर्ध्या पाण्यात खत सगळीकडे सारखं पोचलं नसणार, कुठे कोरडं, कुठे तिखट. दुष्काळात पाणी लागणारी युक्ती सांगून मी दोन तास टाळ्या घेतल्या आणि पाणी कुठून आणायचं, हे एकाही बाईने मला विचारलं नाही. की विचारायची सोय मी ठेवली नाही, कोण जाणे.

वाटेत मला अजून शंका येते. छबुबाई तुझ्याशी आधीच बोलली असेल का? हे सगळं भारतरावांनी रचलेलं असेल का, मला सभेत उघडं पाडायला? मी गव्हाणीपाशी बसून हा विचार करतो आणि म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघते. पण तिच्या पोटात भारतराव शिरले असतील, असं काही मला पटवता येत नाही.

आज सकाळचे कागद लिहितो. छबुबाईच्या म्हशीचा : जवळजवळ लाल. आपल्या म्हशीचा : कडा निळसर.

आळ माणसावरून वैरणीकडे सरकतो आहे. परवा सभा.

राधाकिशन


१९ मार्च २००४

सावित्री,

सभा झाली. तुला इतरांकडून तिखटमीठ लावलेली हकीकत कळण्याआधी माझ्याकडून कळावी.

संस्थेच्या आवारात सगळ्या बाया आल्या होत्या. पुरुष भिंतीला टेकून. बबनराव फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसला होता, आत येत नाही म्हणून कोणी हाकलूही शकत नाही. म्हणाला, “चेरमनसाब, आज भाषण लांब हाय का आखूड? चहा प्यायचा ऱ्हायलाय.” मी म्हणालो, आज भाषण नाही. हे ऐकून लोक जास्त घाबरले.

छबुबाई पायरीवर बसली होती. तिने वगारीच्या गळ्यातली घंटा काढून ठेवली होती, असं मला विमलने नंतर सांगितलं. बाजारात घंटेसकट जनावर देत नाहीत.

मी टेबलावर नळ्या मांडल्या. पाणी. मुद्दाम खत घातलेलं दूध. छबुबाईचं आणि माझं, दोन्ही सगळ्यांच्या देखत काढलेली. वैरण बदलल्याचं आधी सांगितलं नाही. तुरीचं पीठ रतनबाईच्या हाताने टाकायला लावलं. रतनबाई रांगेत सर्वांत पुढे उभी राहणारी बाई, आणि छबुबाईच्या विरुद्ध सर्वांत मोठ्याने बोललेली. पाच मिनिटं इतकी शांतता मी माझ्या एकाही सभेत पाहिलेली नाही. कागद रतनबाईनेच बुडवले आणि उचलून धरले. पाणी लाल. खत घातलेलं गडद. छबुबाईचं लाल. आणि चेअरमनचं निळं.

बबनराव गाडीवरून उतरला. “म्हंजे नाव कुनाचं कमी करायचं आता?”

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण तोंड साथ देईना. मग मी सांगितलं. कोणत्या म्हशीने काय खाल्लं, युरिया शरीरात कसा बनतो, वैरणीवरचा युरिया कोणत्या वाटेने दुधात आला. मळी हवी होती, पाणी हवं होतं, आणि ही दोन्ही नसताना मी खड्डे करायला लावले. म्हशीचं दूध वाईट नाही, बाई खोटी नाही. मग विचारलं, खड्ड्यातली वैरण ज्यांनी खरोखर घातली त्यांनी हात वर करा. एकही हात वर झाला नाही. छबुबाईने सुद्धा केला नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी रतनबाईला विचारलं, तुम्ही तर मला महिनाभर सांगत होता, ‘दादा, लई फरक पडला, दूध वाढलं.’

“मग काय सांगावं?” रतनबाई म्हणाली. “वास लई यायचा, दादा. जनावर तोंड फिरवायचं. पर तुमाला कसं सांगावं? तुमी समद्यांचं बोलणं ऐकायच्या आधीच कोन फितूर हाय ते ठरवता. आमाला फितूर व्हायचं नव्हतं.”

हे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत. त्यात काही घातलं नाही, काढलं नाही.

ठराव मागे घेतला. तू सांगितल्याप्रमाणे कारखान्यावरून मळी आणायची, खड्ड्यातली वैरण कडब्यात थोडी मिसळून घालायची, पाण्याचा टँकर आला की पहिले हंडे वैरणीसाठी संस्थेने राखायचे, हे ठरलं. संघाला तपासणीबद्दल लिहायचं ठरलं : निळा कागद दिसला की आधी गोठ्यात जाऊन बघावं. मग मी छबुबाईला म्हणालो, उद्या सकाळपासून दूध आण.

ती उठली. मला वाटलं हात जोडेल किंवा शिव्या देईल. दोन्हीची मी तयारी ठेवली होती.

“आनते,” ती म्हणाली. “पर तपासणी मी करणार. रोज. नळी माझ्या हातात. आन पयलं दूध तुमचं.”

गहिनीनाथाने माझ्याकडे पाहिलं. बायांनी जमिनीकडे पाहिलं. बबनरावाने मोटारसायकल चालू केली, मग बंद केली. त्याला ऐकायचं होतं. मी म्हणालो, मंजूर. टाळ्या वाजल्या नाहीत.

आता आज सकाळचं.

सभेपासून आपल्या म्हशीला पुन्हा कडबा सुरू केला आहे, पण पोटातलं एका रात्रीत निघत नाही, हे तुला मला ठाऊक, छबुबाईलाही ठाऊक. मी किटली घेऊन रांगेत सर्वांत पुढे उभा राहिलो. तिने दूध ओतलं, पीठ टाकलं, नळी हलवली. मी हात पुढे केला तर म्हणाली, “थांबा. येळ व्हायची हाय.” मी थांबलो. मागे सगळी रांग. सूर्य वर आला, कोणी खोकलं, कोणाच्या किटलीचं झाकण वाजलं. पाच मिनिटं किती लांब असतात, ते रांगेच्या तोंडाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मग तिने कागद बुडवला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला.

“निळा हाय, चेरमन.”

मी म्हणालो, कारण तुला माहीत आहे, छबुबाई.

“मला माहीत हाय. कागदाला न्हाई. किटली घरी न्या.”

रतनबाईने बाजूला होऊन मला वाट दिली. माझं दूध निर्मळ होतं, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. मी ते उचललं आणि सगळ्या रांगेच्या कडेने, शेवटच्या बाईपर्यंत चालत, घरी आलो. स्टँडपाशी बबनराव म्हणाला, “इकडं घालता का?” मी चालत राहिलो, आणि हे चालत राहणंही त्याने कोणाच्या तरी कानावर घातलंच असेल.

छबुबाईचं दूध घेतलं गेलं, एवढं मागून गहिनीनाथ येऊन सांगून गेला. वगारीच्या गळ्यात घंटा पुन्हा बांधली आहे का, ते मी विचारलं नाही.

तुझ्या वहिनीने एवढं दूध परत आलेलं पाहिलं. विरजण लावलं. चार-सहा दिवस असंच चालेल, घरात ताकच ताक होणार. भारतरावांना ताक आवडतं, जिरं जास्त घातलेलं. हे मला आठवतं.

घाटनांदूरहून वडवणीला बस आहे.

दादा